हवेच्या आकड्याने रक्ताचा प्रश्न मिटत नाही

सांगलीत शिशाच्या विषबाधेचा विषय काढला की एक ठरलेले उत्तर मिळते. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आले, हवेतले शिसे राष्ट्रीय मर्यादेच्या आत आहे, आता रक्त तपासण्यावर पैसे कशाला घालवायचे? अलीकडे या उत्तराला शास्त्राची जोडही मिळाली आहे. श्वासातून आत गेलेले शिसे रक्तात किती वाढ करते, याची गणिती मॉडेले उपलब्ध आहेत. त्यांच्या आधारे सांगितले जाते की घनमीटर हवेत १ मायक्रोग्रॅम शिसे असेल तर मुलांच्या रक्तात दर डेसिलिटरमागे सुमारे १.९ मायक्रोग्रॅम वाढ होते आणि प्रौढांच्या रक्तात १.६. आपली वार्षिक मर्यादा आहे ०.५. म्हणजे कायद्याने चालेल तेवढे शिसे हवेत भरून राहिले तरी मुलाच्या रक्तात एक मायक्रोग्रॅमही भर पडत नाही. प्रश्न संपला.

असे म्हणणारे लोक अडाणी नाहीत. विश्रामबाग हा विलिंग्डन आणि वालचंद या दोन महाविद्यालयांचा परिसर आहे, आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाचे कार्यालयही इथल्याच उद्योग भवनात आहे. आकडेमोड समजणारी माणसे इथे भरपूर आहेत. म्हणूनच या युक्तिवादाला आकड्यांनीच उत्तर द्यायला हवे. माझे म्हणणे असे आहे: ज्या मॉडेलचा हवाला देऊन रक्ततपासणी नाकारली जाते, ते मॉडेल पुरते चालवले तर तेच रक्त तपासा असे सांगते. अर्धेच चालवायचे आणि आलेल्या उत्तरावर फाइल बंद करायची, हे शास्त्र नाही.

१.९ आणि १.६ हे आकडे खोटे नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने २००० साली युरोपसाठी काढलेल्या हवा-गुणवत्तेच्या मार्गदर्शिकेत ते आहेत. पण त्याच मार्गदर्शिकेत पुढे असेही लिहिले आहे की हे फक्त थेट श्वासातून होणारे योगदान आहे. हवेतले शिसे खाली बसते, धुळीत आणि अन्नात मिसळते आणि तोंडावाटेही पोटात जाते. तो वाटा धरला तर १ मायक्रोग्रॅममागे रक्तातली वाढ ५ धरावी. म्हणजे ०.५ च्या मर्यादेला वाढ एकाच्या आत राहत नाही, अडीच होते. एक आकडा उचलायचा आणि त्याला लागूनच असलेला दुसरा सोडून द्यायचा, याला काय म्हणावे?

आकडे परदेशी आहेत अशी कोणाची तक्रार असेल तर मुंबईचा घ्या. भाभा अणुसंशोधन केंद्राच्या आर. एम. त्रिपाठी आणि सहकाऱ्यांनी मुंबईतल्या मुलांचे रक्त आणि तिथली हवा यांचा एकत्र अभ्यास केला, तो २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. हवेत १ मायक्रोग्रॅम वाढ झाली तर मुलांच्या रक्तात ३.६ ची वाढ होऊ शकते, असा त्यांचा निष्कर्ष होता. थेट श्वासाच्या आकड्याच्या जवळजवळ दुप्पट. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने हेच सगळे मार्ग जमेस धरून २००८ मध्ये आपली १.५ ची जुनी मर्यादा एकदम ०.१५ वर आणली. आपल्याकडे पुढच्याच वर्षी, २००९ मध्ये, नवे निकष आले. त्यांत वार्षिक मर्यादा ०.५ आणि चोवीस तासांची १ ठेवली गेली. तेव्हा ‘मर्यादेत आहे’ म्हणताना कोणाच्या मर्यादेत, हेही सांगायला हवे.

आता हे फुप्फुसाचे मॉडेल नेमके काय करते ते पाहू, कारण खरी गफलत तिथे होते. श्वासाबरोबर आत गेलेला प्रत्येक कण सारख्याच ठिकाणी जात नाही. दहा मायक्रॉनपेक्षा मोठा कण बहुतेक नाकाघशातच अडकतो. मधल्या आकाराचे कण श्वासनलिकांच्या भिंतींवर बसतात. तिथले केसासारखे सूक्ष्म तंतू त्यांना कफाबरोबर वर ढकलतात आणि आपण नकळत ते गिळतो. एक मायक्रॉनच्या आतले कण मात्र थेट वायुकोशांपर्यंत पोहोचतात, आणि तिथे बसलेले शिसे जवळजवळ सगळे रक्तात जाते. गिळलेल्या शिशाचा हिशेब वेगळा. प्रौढ माणसाचे आतडे जेवणाबरोबर आलेल्या शिशाचा छोटा हिस्साच शोषते, उपाशीपोटी तो कितीतरी वाढतो, आणि लहान मूल निम्म्यापर्यंत शोषू शकते. अंगात लोह किंवा कॅल्शियम कमी असेल तर शोषण आणखी वाढते. आपल्या भागातल्या बायका-मुलांतले रक्ताल्पतेचे प्रमाण ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या एका वाक्याचे गांभीर्य वेगळे सांगायला नको.

म्हणजे कणाचा आकार कळल्याशिवाय मॉडेल काहीच सांगू शकत नाही. आणि हा आकार ठरतो तो धंद्यावर.

सांगली जिल्ह्यातल्या खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ या दुष्काळी तालुक्यांतली हजारो कुटुंबे गलाईच्या व्यवसायात आहेत. केरळपासून पंजाबपर्यंत सराफ बाजारांतली सोने-चांदी गाळून शुद्ध करणारे हात बहुधा विट्याच्या परिसरातले असतात. या लोकांनी कोरडवाहू जमिनीवर जगणारी गावे उभी केली, त्यांचा अभिमान वाटावा असाच हा इतिहास आहे. पण चांदी गाळण्याच्या जुन्या पद्धतीत शिसे लागते. अशुद्ध चांदी शिशाबरोबर वितळवतात, शिसे इतर धातूंना घेऊन बाजूला होते आणि चांदी उरते. शिसे ३२७ अंशांना वितळते, चांदी ९६२ अंशांना. चांदी वितळेल इतक्या तापलेल्या भट्टीवर शिशाचा धूर होणारच, आणि त्या धुरातले कण बहुतांशी एक मायक्रॉनच्या आतले असतात. थेट वायुकोशात जाणारे. भट्टीची खोली आणि राहण्याची खोली अनेकदा एकाच छपराखाली असते.

दुसरीकडे जुन्या बॅटऱ्या फोडण्याचे काम. तिथे प्लेटा ठोकताना, घासताना, झाडताना उडणारी धूळ जाड असते. ती फुप्फुसात खोलवर जात नाही, पण कपड्यांवर, केसांत, नखांत बसते आणि घरी येते. फरशीवर रांगणारे मूल तीच धूळ बोटांना लावून तोंडात घालते. आणि हवा मापणारे यंत्र जर दहा मायक्रॉनपर्यंतचेच कण मोजत असेल, तर ही जाड धूळ त्या यंत्राच्या आकड्यात येतच नाही. अमेरिकेत शिशाची मर्यादा आजही हवेतल्या सगळ्या तरंगत्या कणांवर बेतलेली आहे, त्यामागे हेच कारण आहे. सांगली राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमातल्या शहरांच्या यादीत आहे. त्या कार्यक्रमाचा सगळा भर धूलिकणांच्या वजनावर आहे. धूळ किती, हे त्यातून कळेल. त्या धुळीत शिसे किती आणि ते कोणाच्या अंगणात बसते, हे कळणार नाही. शिवाय यंत्र जिथे बसवले आहे तिथली हवा सांगते. कुपवाडच्या एखाद्या गल्लीतल्या पत्र्याच्या शेडमधली हवा ते विश्रामबागेतून सांगू शकत नाही.

लहान मुलांसाठी सर्वात जास्त वापरले जाणारे मॉडेल अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने १९९४ मध्ये वापरात आणले. जन्मापासून सात वर्षांपर्यंतच्या मुलासाठी ते हवा, पाणी, अन्न, माती आणि घरातली धूळ हे सगळे एकत्र धरते. श्वासातल्या शिशाचे शोषण ते ३२ टक्के धरते. चार-पाच वर्षांचे मूल दिवसाला सहा-सात घनमीटर हवा घेते असे मानले, तर ०.५ च्या हवेतून रोज सुमारे एक मायक्रोग्रॅम शिसे त्याच्या रक्तात जाते. आमचे प्रतिवादी इथे थांबतात. पण त्याच मॉडेलमध्ये एक गृहीतक आहे: हवेतल्या दर मायक्रोग्रॅम शिशामागे घरातल्या धुळीत ग्रॅमला १०० मायक्रोग्रॅमची भर पडते. मूल रोज साधारण १०० मिलिग्रॅम माती-धूळ गिळते, त्यातली निम्म्याहून थोडी जास्त घरातली, आणि त्यातल्या शिशाचे ३० टक्के शोषण होते असे मॉडेल मानते. हिशेब करा, आणखी जवळपास ०.८ मायक्रोग्रॅम निघते. हवेचा परिणाम दुपटीच्या जवळ गेला, आणि हा नुसता मर्यादेतल्या हवेचा. कामावरून कपड्यांतून आलेल्या धुळीमुळे त्या घरातल्या धुळीत ग्रॅमला १००० मायक्रोग्रॅम शिसे असेल, तर घरातल्या धुळीच्या त्याच निम्म्याहून थोड्या जास्त वाट्याच्या हिशेबाने मूल रोज सुमारे ५५ मायक्रोग्रॅम गिळते आणि त्यातले १६ च्या आसपास रक्तात उतरते. श्वासाच्या सुमारे सोळापट. बाहेरची हवा तेव्हाही मर्यादेतच असते.

सेनेगलमध्ये डकार शहराजवळच्या थियारॉय-सुर-मेर या वस्तीत हेच घडले. नोव्हेंबर २००७ ते मार्च २००८ या काळात तिथली १८ मुले दगावली. वस्तीत जुन्या बॅटऱ्यांमधले शिसे काढण्याचे काम चालत असे, आणि मातीत मिसळलेले शिसे नंतर चाळून वेगळे केले जात होते. मुलांनी ते श्वासातून घेतले आणि तोंडातूनही. कोणत्या वाटेने किती, याची वाटणी मॉडेल नंतर करू शकते. मुले वाचवायची असतील तर रक्त आधी तपासावे लागते.

याच मॉडेलची आणखी एक बाजू विसरली जाते. ते एक आकडा देत नाही, फैलाव देते. एकाच गल्लीत, एकाच हवेत वाढणाऱ्या मुलांच्या रक्तातही शिशाचे प्रमाण सारखे नसते. हा फरक मॉडेल १.६ या गुणकाने धरते. त्याप्रमाणे वस्तीतल्या मुलांची मध्यवर्ती पातळी २.५ असेल, तर शंभरातली सुमारे सात मुले ५ च्या वर जातात. हा २.५ कुठून आला ते आठवा: कायद्याने मान्य असलेली ०.५ ची हवा, आणि आरोग्य संघटनेचा ५ चा गुणक. म्हणजे बाकी एकाही वाटेने शिसे येत नाही असे मानले, तरी कायदेशीर हवेत शंभरात सात मुले त्या पातळीवर पोहोचतात जिथे शिसे कुठून येते ते शोधून थांबवा, असे जागतिक आरोग्य संघटना २०२१ पासून सांगते आहे. अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राने तर त्याच वर्षी आपली संदर्भ-पातळी ३.५ वर आणली. सुरक्षित म्हणावी अशी पातळी सापडलेली नाही, हे दोघेही मान्य करतात. ती सात मुले कोणती, ते मॉडेल सांगत नाही. ते सांगणारी एकच गोष्ट आहे, त्यांच्या रक्ताचे थेंब.

मॉडेलवर विसंबून निर्णय घेतला आणि रक्ताने तो खोटा ठरवला, असे एकदा मोठ्या प्रमाणावर घडले आहे. अमेरिकेत पेट्रोलमधले शिसे कमी केल्याने रक्तात किरकोळच फरक पडेल, असे तेव्हाची मॉडेले सांगत होती. पण १९७६ ते १९८० या काळात देशभर हजारो लोकांचे रक्त तपासले जात होते. पेट्रोलमधले शिसे घटत गेले तशी रक्तातली सरासरी ३७ टक्क्यांनी घसरली. मॉडेलमध्ये श्वास होता, धूळ पुरेशी नव्हती. त्या रक्ताच्या नोंदी नसत्या तर पेट्रोलमधल्या शिशाला तिथे आणखी किती वर्षे आयुष्य मिळाले असते कोण जाणे. आपल्याकडचे शिसेविरहित पेट्रोलही त्याच पुराव्याच्या जोरावर आले. ज्या यशाचा दाखला देऊन इथे रक्ततपासणी नाकारली जाते, ते यश रक्ततपासणीनेच मिळवून दिले आहे.

आणि ते यश पुरेसे होते का? मुंबईत पेट्रोल बदलल्यानंतर, २००२-०३ च्या सुमारास, बारा वर्षांखालच्या मुलांचे रक्त तपासले गेले. १० च्या वर असणाऱ्या मुलांचे प्रमाण आधीच्या पाहणीच्या तुलनेत जवळपास निम्म्यावर आले होते, ही आनंदाचीच गोष्ट. पण तरीही दर तीन मुलांतले एक १० च्या वर होतेच. आपल्या अधिक जवळचे उदाहरण पश्चिम महाराष्ट्रातल्या बॅटरी कामगारांचे. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्यांच्या रक्तातले सरासरी शिसे डेसिलिटरमागे ५३ मायक्रोग्रॅमच्या वर निघाले. त्याच संशोधकांच्या पुढच्या कामात चांदीचे दागिने करणाऱ्यांची सरासरीही ५० च्या जवळ होती. हे आकडे भयानक आहेत, पण मला जास्त अस्वस्थ करतो तो तिसराच आकडा. तुलनेसाठी घेतलेल्या, शिशाशी कामाचा संबंध नसलेल्या माणसांचीही सरासरी १२ च्या वर होती. थेट श्वासाच्या १.६ च्या गुणकाने एवढे शिसे नुसत्या हवेतून यायचे तर हवेत घनमीटरमागे जवळपास ८ मायक्रोग्रॅम हवे, म्हणजे मर्यादेच्या सोळापट. अशी हवा इथे असेल असे कोणीही म्हणणार नाही. मग हे शिसे आले कुठून? हवेचा आकडा या प्रश्नापुढे मुका आहे.

यावर लगेच दुसरा युक्तिवाद येतो: शिसे मसाल्यातून येते, भांड्यांतून, रंगातून येते, मग हवेवर एवढी चर्चा कशाला? हळदीच्या बाजारपेठेत राहणाऱ्या माणसाला हा मुद्दा टाळता येत नाही आणि टाळायचाही नाही. बांगलादेशात हळदीला चकाकी आणण्यासाठी शिशाचे क्रोमेट लावले जात असल्याचे २०१९ मध्ये उघड झाले, आणि तिथल्या सरकारने कारवाई करून ते थांबवूनही दाखवले. पण रक्त वाटा मोजत बसत नाही. हळदीतले, धुळीतले, धुरातले शिसे एकाच रक्तात एकत्र होते. ज्याच्या ताटातून आधीच थोडे येते, त्याला श्वासातून येणारे थोडेही जास्त पडते. वाटा अनेक आहेत म्हणून हवा सोडून द्यायची असेल, तर याच न्यायाने उद्या हळदही सोडून देता येईल आणि परवा रंगही.

खर्चाचा मुद्दा मी फार लांबवत नाही. बोटातून काढलेल्या दोन थेंब रक्तावर तीन मिनिटांत शिशाचे प्रमाण सांगणारी लहान यंत्रे वीस वर्षांपूर्वीपासून वापरात आहेत. बोटावरची धूळ रक्तात मिसळून आकडा फुगू शकतो, म्हणून वाढलेला आकडा शिरेतल्या रक्तावर पुन्हा तपासावा लागतो, एवढेच. मिरजेत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. सगळ्या शहराचे रक्त तपासा असे कोणी म्हणत नाही. मॉडेल जिथे बोट दाखवते तिथे तपासा: भट्टीवर काम करणारे, बॅटरी फोडणारे, रंगाचे फवारे मारणारे, आणि त्यांच्या घरातली सहा वर्षांखालची मुले व गरोदर बायका. मॉडेलचा हाच खरा उपयोग आहे.

आणि हे काम कारखाना निरीक्षकांवर सोडता येणार नाही. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या परिशिष्टात आठ तासांच्या पाळीसाठी घनमीटरमागे ०.१५ मिलिग्रॅम शिशाची मर्यादा लिहिली गेली. मायक्रोग्रॅममध्ये ती १५० होते, बाहेरच्या हवेच्या मर्यादेच्या तीनशे पट. दोन-चार माणसांची भट्टी तर कारखान्याच्या व्याख्येतच बसत नाही, म्हणजे तिला ही तीनशे पट सैल मर्यादाही लागू नाही. त्या खोलीत शेजारीच झोपणाऱ्या मुलासाठी कायद्यात काही लिहिलेलेच नाही.

मॉडेल टाकाऊ आहे, सरळ रक्तच घ्या, असे दुसऱ्या टोकाला जाऊन म्हणणाऱ्यांशीही माझे पटत नाही. मायकल रॅबिनोविट्झ आणि सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात पाच निरोगी पुरुषांना शिशाचे ओळखू येणारे समस्थानिक देऊन त्याचा प्रवास तपासला. रक्तातल्या शिशाचा मुक्काम महिन्याभराच्या मापाचा निघाला, हाडांतला दशकांच्या मापाचा. प्रौढांच्या अंगातले नव्वद टक्क्यांहून जास्त शिसे हाडांत असते. म्हणून दक्षिणेतली भट्टी दोन महिने बंद ठेवून खानापूर तालुक्यात घरी आलेल्या माणसाचे रक्त तपासले, तर आकडा उतरलेला दिसेल आणि सगळे ठीक आहे असे वाटेल. त्या उतरलेल्या आकड्यावरून भट्टीच्या दिवसांतला आकडा काय असावा, हाडांत किती साठले असावे, हे मागे जाऊन काढायला मॉडेलच लागते. त्याच घरातली सून लहानपणापासून भट्टीजवळ वाढली असेल, तर गरोदरपणात तिच्या हाडांतले कॅल्शियम बाळासाठी सुटते तेव्हा त्याच्याबरोबर जुने शिसेही सुटते आणि नाळेतून बाळापर्यंत जाते. त्या बाईचा आजचा श्वास स्वच्छ असेल, विश्रामबागेतले यंत्रही स्वच्छ हवा दाखवत असेल. तिच्या पहिल्या तिमाहीतल्या तपासण्यांत हिमोग्लोबिनसाठी रक्त काढतातच. त्याच वेळी शिशाचीही तपासणी व्हावी आणि कामाच्या जागेची नोंद त्याच कागदावर व्हावी, ही मागणी सांगली, मिरज आणि कुपवाडच्या महापालिकेकडे आणि जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागाकडे आहे.